टाटा ४०७ टेम्पोला हायड्रॉलिक बूस्टर: ब्रेक सुधारतो की नुसता पाय हलका होतो?

तुर्भे_४०७
नारायणगावहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला येतो. जुन्या ४०७ चा व्हॅक्यूम बूस्टर (हवा ओढून ब्रेकला जोर देणारा) काढून पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर, तेलाच्या दाबानं चालणारा हायड्रॉलिक बूस्टर बसवून घेतला. पॅडलला नुसता पाय टेकवला की गाडी जागेवर. घाट उतरताना धाकधूक नाही. ज्यांच्या गाड्यांचे ब्रेक घाटात जातात त्यांनी हे काम करून घ्या, ब्रेक फेल हा विषयच संपेल. व्हॅक्यूमवर विसंबणारे जिवाशी खेळतायत.

कळंबोली_गॅरेज
शेवटची दोन वाक्यं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कुणी हे वाचून उद्या भरलेली गाडी घाटात घालेल.

बूस्टर तुमच्या पायाचा जोर वाढवून मास्टर सिलिंडरला, म्हणजे ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणाऱ्या सिलिंडरला देतो. तिथं त्याचं काम संपलं. गाडी अडवतात ते चाकातला ड्रम आणि त्यावर आतून घासणारे लायनर, आणि शेवटी टायरची रस्त्यावरची पकड. खंडाळा ते खोपोली साधारण पाचशे मीटरचा उतार आहे. पाच टनांची गाडी तेवढी खाली आली की सुमारे सात युनिट विजेइतकी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. इंजिनानं अडवली नाही तर ती बहुतेक चार ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो. लायनरची पकड सुटते आणि वर चकचकीत थर धरतो. त्यानंतर पायाखाली व्हॅक्यूम असो की हायड्रॉलिक, पॅडल दाबलं जातं आणि गाडी थांबत नाही.

हायड्रॉलिकनं उलट एक धोका वाढतो. पॅडल इतकं हलकं लागतं की ड्रायव्हर घाटभर पाय टेकवून ठेवतो. ड्रम तापतायत हे त्याच्या पायाला कळतच नाही. माझ्याकडं अशी एक गाडी आली होती. मागचा ड्रम निळा पडलेला, आतून केसासारख्या भेगा. ड्रायव्हरनं खोपोलीला उतरून त्यावर बादलीभर पाणी ओतलं होतं. तापल्या बिडावर गार पाणी मारलं की तडा जाणारच. तरी मालक मला विचारतो, बूस्टर बदलू का?

तुर्भे_४०७
गॅरेजवाले भाऊ, ड्रम मलाही कळतात. माझा त्रास वेगळा होता. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, अल्टरनेटरच्या पाठीवरचा पंप तो बनवतो. तो पंप झिजला, पाइपला चीर गेली की पॅडल दगड. मुंब्रा बायपासला भर पावसात माझं तसं झालं. पुढं कंटेनर उभा, मी दोन्ही पायांनी पॅडलवर उभा. गाडी थांबली ती कंटेनरच्या बंपरपासून हातभर अंतरावर. ज्यानं हे भोगलंय त्याला तुमची सात युनिटं सांगू नका.

आणि व्हॅक्यूमचा जोर कितीही ओढला तरी एका वातावरणाच्या दाबापलीकडं जात नाही. स्टेअरिंगचा पंप शंभर बारच्या, म्हणजे साधारण शंभर वातावरणांच्या आसपास दाब देतो. अमेरिकेत डिझेल पिकअपना १९७० च्या दशकापासून बेंडिक्स कंपनीचा हायड्रो-बूस्ट, म्हणजे असाच हायड्रॉलिक बूस्टर लागतोय. ते काय वेडे आहेत?

कळंबोली_गॅरेज
वेडे नाहीत. तिथं कंपनीनंच पंप, होज, मास्टर सिलिंडर, ब्रेक सगळं एकमेकांच्या मापात बसवून दिलेलं असतं. तुमच्या जुन्या ४०७ ला मुळात पॉवर स्टेअरिंग होतं का? नसणार. म्हणजे पंप बाहेरून आणला, पट्टा बाहेरचा, ब्रॅकेट कुणीतरी वेल्डिंग केलेलं. स्टेअरिंगही त्याच पंपावर घेतलं असेल तर पट्टा तुटला की स्टेअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदम जड. आधी निदान एकच जात होतं.

तुर्भे_४०७
बूस्टरला ॲक्युम्युलेटर असतो, दाब साठवून ठेवणारा. पंप बंद पडला तरी दोन-तीन वेळा जोरदार ब्रेक लागतो. हे लिहायचं का टाळलंत?

कळंबोली_गॅरेज
टाळलं नाही, पुढं येणारच होतं. तुमचा ॲक्युम्युलेटर जिवंत आहे का ते कधी पाहिलंत? गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा, तासभर थांबा. मग पॅडल दाबा. पहिले दोन दाब हलके लागले पाहिजेत. पहिलाच दगड लागला तर आतला गॅस गेलाय आणि तुमचा राखीव ब्रेक फक्त कागदावर आहे. जुन्या बाजारातून उचललेल्या मालात हे हमखास निघतं.

तेलाचंही सांगून ठेवतो. बूस्टरमध्ये स्टेअरिंगचं तेल, मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल. घाईत कुणी एकाच डब्यातून दोन्हीकडं ओतलं की ब्रेकची रबरं फुगून बसतात आणि मास्टर सिलिंडरपासून चारी चाकांतल्या व्हील सिलिंडरपर्यंत सगळं उघडावं लागतं.

शिळफाटा_ड्रायव्हर
तुम्ही दोघं तेलावर भांडा. घाटात ब्रेक का जातात ते मी सांगतो, आम्ही गाडी चालवतो. शेठ लोक ॲव्हरेज बांधून देतात. इतक्या लिटरमध्ये ट्रिप मारायची, वर लागलं तर पगारातून कापणार. मग ड्रायव्हर उतार लागला की न्यूट्रल करतो, काही जण इंजिनसुद्धा बंद करतात. गिअर नाही म्हणजे इंजिनाचा अडथळा नाही, सगळा भार ड्रमवर. इंजिन बंद म्हणजे पंपही बंद, बूस्टर कुठलाही असो. बूस्टर बदलून हे थांबणार आहे का?

हिशेबवाली_ऐरोली
दादा, आमच्या गाड्यांचा हिशेब मी बघते, म्हणून बोलते. ॲव्हरेज बांधला नाही तर डिझेल कुठं जातं हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तळोजा ते उरण जाऊन येणारी गाडी एका ड्रायव्हरकडं एक ॲव्हरेज देते, दुसऱ्याकडं वेगळाच. सगळा दोष मालकांच्या माथी मारू नका.

आणि गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेतच नाही, निदान आत्ताच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्यांत तरी. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागतं. आमच्या ड्रायव्हरांना हे समजावून समजावून थकले मी.

शिळफाटा_ड्रायव्हर
ताई, एसीत बसून समजावणं सोपं आहे. मला कामावर ठेवणाऱ्या एका शेठनं उतारावर गिअर टाकून आलो म्हणून "ट्रिपला वेळ का लागला" असं चारचौघांत विचारलं होतं. पोचायची वेळ बांधलेली, डिझेल बांधलेलं, माल पासिंगच्या वजनमर्यादेपेक्षा जास्त भरलेला. तो ओव्हरलोड ड्रायव्हर भरतो का? कायद्यानं २०,००० दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पकडलं की पावती कुणाच्या पगारातून जाते ते तुमच्याच वहीत बघा.

हिशेबवाली_ऐरोली
आमच्या वहीत दंड ड्रायव्हरच्या नावावर कधीच नाही. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. आणि मी एसीत बसत नाही, कळंबोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसते.

घोडबंदर_रहिवासी
मला मेकॅनिकमधलं काही कळत नाही. पण गायमुखच्या उतारावर माझ्या स्कूटरमागं लोड ट्रक येतो तेव्हा पोटात गोळा येतो. तुम्ही सगळे मालक, ड्रायव्हर, गॅरेजवाले एकमेकांवर ढकलताय. दर वर्षी आरटीओत तपासणीचं पासिंग होतं ना? मग असे ब्रेक रस्त्यावर येतातच कसे?

कळंबोली_गॅरेज
आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी, त्याआधी दोन वर्षांतून एकदा. पासिंगला गाडी रिकामी आणि थंड जाते. थंड ड्रम, रिकामी गाडी, ब्रेक लागणारच. घाटातला ब्रेक तिथं तपासला जात नाही.

आणि तुर्भे, तुमच्यासाठी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी हेच पकडणार. हे तुमच्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

तुर्भे_४०७
कलमं सांगायला सगळे पुढं. झिजलेल्या व्हॅक्यूम पंपावर गाडी चालवणं कायद्यात बसतं, जीव वाचवायला सुधारणा केली तर गुन्हा?

कळंबोली_गॅरेज
झिजलेला पंप बदलायचा होता. नवा पंप, नवा पाइप, व्हॅक्यूम सुटू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तुमच्या अख्ख्या कामाच्या खर्चात हे करून चारी ड्रम लेथवर मारून लायनर नवे बसले असते. रिकाम्या गाडीचंही बघा. मागं वजन नसताना हलकं पॅडल जोरात दाबलं तर मागची चाकं जाम होतात. ओल्या बायपासवर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

एवढं मान्य करतो की डिझेलचा व्हॅक्यूम पंप हा कच्चा दुवा आहे आणि नव्वद टक्के मालक त्याकडं बघतही नाहीत. कंपनीनंच हायड्रॉलिक बूस्टर दिला तर मी पहिला म्हणेन की घ्या. पण तुमच्या गाडीवर जे बसलंय ते कंपनीनं दिलेलं नाही.

तुर्भे_४०७
रिकामी गाडी परवा शिळफाट्याला मागून थोडी सरकली हे खरं. ते बूस्टरमुळं असेल असं वाटलं नव्हतं. तरी बूस्टर काढणार नाही, मुंब्र्याचा तो दिवस विसरणं शक्य नाही. "ब्रेक फेल विषयच संपेल" हे वाक्य मागं घेतो, बाकी पोस्ट तशीच. कलम ५२ चं आरटीओत विचारतो. ड्रम शेवटचे कधी उघडले ते आठवत नाही.

शिळफाटा_ड्रायव्हर
आणि ॲव्हरेजचं काय? त्यावर कुणीच मागं घेत नाही.

हिशेबवाली_ऐरोली
घाटाच्या ट्रिपना ॲव्हरेज वेगळा लावायला मी तयार आहे, आमच्या गाड्यांपुरतं. न्यूट्रलमध्ये सापडला तर मात्र त्या ड्रायव्हरला दुसरी ट्रिप नाही. हेही लिहून घ्या.

कळंबोली_गॅरेज
तुर्भे, रविवारी सकाळी गाडी घेऊन या, मागचे ड्रम उघडू. येताना धुऊन आणू नका. व्हील सिलिंडर गळत असेल तर लायनरवरचा डाग बघून कळतं, धुतल्यावर काही दिसत नाही. आणि ॲक्युम्युलेटरसाठी गाडी तासभर उभी ठेवावी लागेल, तेव्हा त्या दिवशी भाडं घेऊ नका.