पूर्ण मनाने प्रभूला वाहून घेणे म्हणजे नोकरी सोडणे का?

प्रश्न

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. माझे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, आणि गेली अकरा वर्षे मी आमच्या मंडळीत शब्बाथ शाळेचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात मार्क 12:30, म्हणजे देवावर पूर्ण मनाने प्रीती करण्याची आज्ञा, शिकवत असताना एका नऊ वर्षांच्या मुलीने मला विचारले, "सर, पूर्ण मनाने म्हणजे स्वतःसाठी काहीच मागे ठेवायचे नाही का?" मी "होय" म्हणालो खरा, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी पुष्कळ काही मागे ठेवले आहे: पगाराची ओढ, घराचे हप्ते, बहिणीच्या लग्नाची चिंता, आणि कार्यालयात स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेताना वाटणारा संकोच. नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरणे हेच खरे समर्पण आहे का? आणि प्रार्थनेत ज्याचे डोळे कधी भरून येत नाहीत, त्याचे समर्पण अपुरे समजावे का? ज्यांनी या प्रश्नाशी झगडून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

पहिले उत्तर

बंधू, अश्रूंच्या प्रश्नापासून आरंभ करतो. प्रभूने उच्चारलेली आज्ञा मुळात जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात, 6:5 मध्ये आहे, आणि तिथे 'मन' किंवा 'अंतःकरण' या अर्थाने आलेला 'लेवाव' हा हिब्रू शब्द केवळ भावनांचे घर दाखवत नाही; माणूस जिथे विचार करतो आणि निर्णय घेतो ते ठिकाणही तोच शब्द दाखवतो. मार्कच्या शुभवर्तमानात 'बुद्धी' स्वतंत्रपणे सांगितली आहे, तीही याच अर्थाला धरून. म्हणून डोळे कोरडे राहिले एवढ्यावरून मन अर्धे आहे असे ठरत नाही.

अर्धे मन कसे असते हे पाहायचे असेल तर 2 इतिहास 25 उघडा. अमस्या राजाने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केले, पण पूर्ण मनाने केले नाही, असे तिथे आरंभीच म्हटले आहे. त्याने शंभर किक्कार (वजनाचे एक जुने माप) रुपे देऊन इस्राएलातून एक लाख योद्धे भाड्याने आणले होते. देवाच्या माणसाने त्यांना परत पाठवायला सांगितले, तेव्हा राजाचा पहिला प्रश्न होता, मग त्या शंभर किक्कारांचे काय? त्याने आज्ञा पाळली, सैन्य परत पाठवले, युद्धही जिंकले. आणि जिंकून आल्यावर सेईरच्या लोकांच्या मूर्ती घरी आणून त्यांच्यापुढे नमन केले. मला तर हा सारा अध्याय हप्ते भरणाऱ्या आपल्यासारख्या माणसांसाठीच लिहिलेला वाटतो. पैशाचा हिशोब मनात येणे हे पाप नव्हे. पण आज्ञा पाळूनही मनाचा एक कोपरा दुसऱ्या कोणासाठी मोकळा ठेवता येतो, आणि तो कोपरा पुढे भरतोच.

दुसरे उत्तर

नोकरीच्या प्रश्नाबाबत पंडिता रमाबाईंचे उदाहरण द्यावेसे वाटते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट कबूल केले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण ख्रिस्त आपल्याला अजून सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. त्या मधल्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही शाळा उघडली ती याच काळात. सेवेत पूर्णवेळ असलेल्या व्यक्तीचेही मन अजून पुरते सोपवलेले नसू शकते, हे त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

नंतरचे त्यांचे समर्पण पाहायचे असेल तर केडगावच्या मुक्ती मिशनमधले बायबलचे भाषांतर पाहा. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र यावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्याच स्त्रियांनी केली. 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी काम खाली ठेवले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः प्रभूकडे गेल्या. वर्षानुवर्षे रोज एकाच मेजाशी बसून शब्द तोलत राहणे, याला मी पूर्ण मन म्हणते.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे मला पटली, पण एक गोष्ट राहिली आहे. आपल्या मंडळ्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नाव घेऊन तरुणांना सर्वस्व सोडायला सांगतात. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, तेव्हा त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती आणि मिशनच्या नोकरीत त्यांची पुष्कळ वर्षे गेली होती. त्या नोकरीत असताना त्यांचे मन अर्धे होते, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

शिवाय 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्याचा घाव त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवरही पडला. त्या स्वतः 1900 साली ख्रिस्ती झाल्या, आणि मधल्या वर्षांतले दुःख त्यांनी पुढे आपल्या आठवणींत मोकळेपणाने लिहून ठेवले. एकाने सर्वस्व वाहिले की घरातल्या दुसऱ्याचेही काही त्यात जाते, आणि ते त्याला न विचारता जाते. माझ्या सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची कूस बदलताना मी स्तोत्र 103 म्हणते. उपवास-प्रार्थनेच्या सभेला मला जाता येत नाही. तुमच्या बहिणीचे लग्न प्रभूच्या आड येत आहे असे कृपा करून समजू नका. तुम्ही शेवटी ओझरता लिहिलेला कार्यालयातला संकोच मला त्याहून अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

प्रश्नकर्ता

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. नोकरी सोडण्याचा विचार मला सोपा वाटत होता, कारण त्यामुळे कार्यालयातल्या माणसांना तोंड द्यावे लागले नसते. चार वर्षे मी रविवारच्या उपासनेला 'घरचे काम' म्हणत आलो आहे. काल एका सहकाऱ्याने रविवारी येऊ शकाल का असे विचारले, तेव्हा मी मंडळीत मुलांचा वर्ग घेतो म्हणून येता येणार नाही, असे प्रथमच सांगितले. तो "बरे" म्हणाला आणि आपल्या कामाला लागला. त्या मुलीला मी दिलेले उत्तर अपुरे होते. येत्या रविवारी वर्गात अमस्याची गोष्ट घेणार आहे.