फ्रान्सची साधी माणसं राजावर का उलटली?

दादरकर: मुलीचा नववीचा इतिहास घेतोय, फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा, तर ती विचारते बाबा, लोक राजाला इतकं मानायचे ना, मग एवढे चिडले कशाने? नीट सांगा कोणीतरी.

परळची: पावापासून सुरू करा. १७८८ च्या जुलैत गारपिटीने पीक झोपलं, वर कडक हिवाळा, १७८९ उजाडेपर्यंत पॅरिसच्या मजुराची निम्म्याहून बरीच जास्त कमाई नुसत्या पावावर जायला लागली. माझे आजोबा गिरणीत होते, संपात आजी पीठ वाटीने मोजून मळायची, त्यामुळे मला हे पटकन कळतं. ऑक्टोबरात बाजारातल्या बायका पावसात चालत व्हर्सायला, राजाच्या महालावर गेल्या आणि राजाला पॅरिसला घेऊनच आल्या.

ठाणे_स्लो: भूक आधीपण होतीच हो, पण गरिबाला मिठावरसुद्धा कर आणि सरदार, पाद्री बऱ्याच करांतून सुटलेले, हे जास्त झोंबलं. तरी १७८९ च्या गावोगावच्या तक्रारवह्यांत राजाबद्दल आदरच दिसतो. माझ्या मते विश्वास तुटला तो जून १७९१ मध्ये, राजा वेष बदलून कुटुंबासकट पळाला आणि वारेन नावाच्या गावात पकडला गेला तेव्हा. सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाहीच रद्द.

दादरकर: पळून जायचं मी तिला सांगितलंच नव्हतं! आज जेवताना सांगतो, थँक्यू दोघांना.