ओटचा चारावाण निवडताना हिरव्या वजनाला किती मान द्यावा?

गव्हाण : चाऱ्यासाठी ओटचा वाण सुचवताना हेक्टरी किती क्विंटल हिरवा चारा निघतो, हाच आकडा शेतकऱ्याच्या कानावर घातला जातो आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. एका वाणाने ५०० क्विंटल चारा दिला, पण त्यात शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, १५ टक्केच असेल, तर गाईच्या वाट्याला ७५ क्विंटल येतात. दुसऱ्याने ४३० क्विंटलच दिला, पण शुष्क पदार्थ २० टक्के असेल, तर ते ८६ होतात. पहिल्या वाणात आपण पाणीच जास्त वाहून आणतो. निवड पचणाऱ्या शुष्क पदार्थावर व्हावी आणि जाहिरातही त्याचीच व्हावी.

वाणशोधक : जाहिरातीबद्दलचे म्हणणे मान्य, निवडीबद्दलचे नाही. समन्वित चाचण्यांत, म्हणजे अनेक केंद्रांवर एकत्रितपणे घेतल्या जाणाऱ्या वाणचाचण्यांत, शुष्क पदार्थ, प्रथिने आणि पानांचे खोडाशी प्रमाण यांची नोंद होतेच. खरी अडचण कापणीच्या वयाची आहे. ओट फुलोऱ्याकडे जाऊ लागला की खोड राठ होते आणि पचनीयता घसरते. त्यामुळे लवकर फुलणारा व उशिरा फुलणारा वाण एकाच तारखेला कापला, तर उशिराचा वाण आपोआप सरस दिसतो, आणि हा फरक वाणाचा की वयाचा हे कळत नाही. शिवाय संकराच्या सुरुवातीच्या पिढ्यांत हजारो झाडे असतात. प्रत्येकाची पचनीयता तपासणे परवडत नाही, म्हणून फुटवे, उंची आणि पानांची रुंदी डोळ्यांनी पाहूनच छाटणी करावी लागते. ओट षट्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच असलेला, एकूण ४२ गुणसूत्रांचा. त्याच्या इवल्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून संकर करायचा, तरी दाणे मोजकेच भरतात. मिळालेली झाडे एका महागड्या कसोटीवर टाकून देणे शहाणपणाचे नाही.

दूधवाला : दोघांनीही बियाण्याचा विषय काढला नाही, याचे नवल वाटते. हेक्टरी सुमारे १०० किलो बी लागते. दुकानात ‘फुले हरिता’ किंवा ‘केंट’ मागितला, तर वाणाचे नाव नसलेली, नुसते ‘ओट’ लिहिलेली पिशवी पुढे येते. घरचे बी धरावे, तर ओंबीच्या शेंड्याकडील दाणे आधी पिकून गळतात आणि खालचे हिरवेच राहतात. दाणे धरून ठेवणारा वाण मिळाला, तर ५० क्विंटल चारा कमी आला तरी मला चालेल.

गव्हाण : दाणे गळू नयेत, हे योग्यच, पण बियाण्याच्या उत्पन्नालाच पहिला मान दिला, तर निवड हळूहळू धान्याच्या ओटकडे, म्हणजे लवकर पिकणाऱ्या आणि कमी पानांच्या झाडाकडे झुकेल. आपल्याकडे पहिली कापणी साधारण ५० ते ५५ दिवसांनी होते आणि पुढची फूट वाढेपर्यंत ऊन तापू लागते. थंड प्रदेशात दुसऱ्या कापणीला जी मुदत मिळते, ती इथे मिळत नाही. त्यामुळे जमिनीपासून ८-१० सेंटिमीटर ठेवून कापल्यावर कोणता वाण चटकन फुटतो, हे मी बियाण्याच्याही आधी पाहीन.

दूधवाला : चटकन फुटणाऱ्या त्या वाणाचे बी पुढच्या ऑक्टोबरात मिळाले नाही, तर माझी जनावरे पुन्हा उसाच्या वाढ्यावरच, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावरच, येतील. वाढ्यातले ऑक्झलेट हे क्षार जनावराला मिळणारे कॅल्शियम अडवते, हे ठाऊक असूनही मी तेच घालतो, कारण ते हाताशी असते. वाणाची शिफारस करणाऱ्यांनी बीजोत्पादन कोण करणार, हेही त्याच कागदावर लिहावे.