मदत हवी आहे: पावसाळ्यासाठी विंटर टायर (डिस्कसकट) घ्यावेत का?

बांधावरचा
मृग तोंडावर आलाय, म्हणून पाल्हाळ न लावता विचारतो. गाडीला यंदा पावसाळ्यापुरते वेगळे टायर घालायचे आहेत. जर्मनीतला मावसभाऊ म्हणतो, तिकडे सगळे विंटर टायर लावतात, रबर मऊ असतं, ओल्यात जळूसारखं चिकटतं. त्याचा दुसरा सेट स्टीलच्या डिस्कवर (म्हणजे रिमवर) चढवलेला तयार असतो, ऋतू बदलला की घरीच चाकं बदलतो. मलाही तसंच करायचंय. प्रश्न दोनच. विंटर टायर इकडे रत्नागिरीकडे कुठे मिळतील? आणि डिस्क स्टीलची घ्यावी की अलॉय? गेल्या गणपतीत झालं ते परत नको. कृपया "गूगल करा" म्हणू नये.

डिस्कब्रेक
गाडी कुठली? टायरचा साइज काय? आणि गणपतीत झालं काय?

बांधावरचा
छोटी एसयूव्ही. घसरली.

मापात_बोला
"छोटी एसयूव्ही" हा साइज नसतो. टायरच्या कुशीवर २१५/६० आर१६ असं काहीतरी असेल ते वाचून लिहा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमधे, दुसरा म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा डिस्कचा व्यास इंचात. डिस्क वेगळी घ्यायची तर बोल्टचं पीसीडी (बोल्टच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधल्या भोकाचं माप पण लागेल. दुकानदार "बसते साहेब" म्हणतो तेव्हा फक्त बोल्ट बसलेले असतात.

चिखलवाट
एवढा विचार कशाला? एटी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्याला चालणारे) टायर टाका, विषय संपला. माझ्या गाडीला आहेत. चिरेखाणीच्या रस्त्यानेसुद्धा भर जुलैत जातो.

डिस्कब्रेक
तुमची फोर बाय फोर आहे हो. यांची काय आहे ते अजून कळायचंय.

सध्या_पुण्यात
धागा पळवत नाही, पण गणपतीला गुहागरला जायचं तर ताम्हिणी बरा की कुंभार्ली? वरंध चालू असतो का?

लालडबा
वरंध पावसाळ्यात बहुतेक बंदच ठेवतात. कऱ्हाडवरून कुंभार्ली उतरा, चिपळूण गाठा. धुकं असलं तर पाटणला चहा घ्या, घाई करू नका.

आता मूळ प्रश्न. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी आंबा आणि कुंभार्लीत. गाडी टायरवर नाही, पायावर चालते. चढावर चाक सुटलं की लोक ॲक्सिलरेटर दाबतात. दाबायचा नाही, सोडायचा. हे टायरवाले तुम्हाला सांगणार नाहीत.

स्टुटगार्टकर
मावसभाऊ अर्धं बरोबर सांगतोय, उरलेलं अर्धं मी सांगतो. इथे बारा वर्षं दोन सेट वापरतोय. विंटर टायरचं रबर मऊ असतं ते थंडीत मऊ राहावं म्हणून. साधारण ७ अंशांच्या खाली साधा टायर कडक पडायला लागतो, विंटर टायर पडत नाही, आणि त्याच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फ धरतात. खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण. नुसतं एम+एस (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे तो विंटर टायर धरत नाहीत. ऑक्टोबर ते ईस्टर असा इथला ठोकताळा आहे. कायद्याला नक्षी १.६ मिमी पुरते, पण जाणते लोक ४ च्या खाली गेली की विंटर टायर काढतात. ऑस्ट्रियात तर ४ च्या खाली गेला की तो विंटर टायर मानतच नाहीत. दुसरा सेट घेताना बरेच जण एक इंच लहान डिस्क घेतात, टायर स्वस्त पडतो, फक्त आत ब्रेक बसतोय ना ते बघायचं.

पण २७-२८ अंशांच्या पावसात हाच टायर साध्या टायरपेक्षा उशिरा थांबतो. नक्षीचे ठोकळे लिबलिबीत होतात, आणि मे महिन्यातल्या डांबरावर तर खोडरबरासारखा झिजेल.

मापात_बोला
रत्नागिरीत पारा ७ वर आला तर टायरची चिंता करू नका, कलमांची करा.

बांधावरचा
बरं, विंटर टायर रद्द. मग पावसाळी टायर म्हणून काय मागायचं? आणि डिस्कचं कोणीच बोललं नाही.

स्टुटगार्टकर
पावसाळी असा वेगळा टायर नसतो. भारतात मिळतो तो साधा टायर म्हणजे आमच्याकडचा उन्हाळीच. तो नवा असेल आणि त्यात गोल फिरणाऱ्या रुंद खोल खाचा असतील तर पावसाला पुरतो.

मापात_बोला
आणि हवा. ती फुकट असते म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवरून काढलेलं एक ढोबळ सूत्र आहे. पाणी नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त साचलं असेल तर चाक पाण्यावर तरंगायला लागतं तो वेग म्हणजे, ताशी किलोमीटरमधे, हवेच्या पौंडांचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.६. ३३ पौंडांना ९५ येतात, २२ पौंडांना ७८. पावसात "पकड वाढते" म्हणून हवा कमी करणाऱ्यांनी हा गुणाकार करून बघावा.

चिखलवाट
चिखलात हवा कमी केली की पकड वाढतेच. स्वतः केलंय.

मापात_बोला
चिखलात आणि वाळूत वाढते. हायवेच्या पाण्यात नाही. आणि चिखलातून बाहेर आल्यावर किती जण परत भरतात?

बांधावरचा
ताशी ९५? अहो माझ्या घाटीवर मी ताशी ९ ने जातो. तिथेच घसरते. हायवेचा काही त्रास नाही.

डिस्कब्रेक
"माझ्या घाटीवर". हे आता येतंय, पंधराव्या प्रतिसादाला! आता बैजवार लिहा. कसली घाटी, केवढी, माती की डांबर, वर चढताना की खाली येताना?

बांधावरचा
मला वाटलं ते उघडच आहे. आमचं घर तवसाळच्या अलीकडे, रस्त्यापासून वर. सत्तर मीटरचा चढ, मधे एक वळण. पूर्वी जांभ्याची पाखाडी (पायऱ्यांची वाट) होती, ती काढून काँक्रीट घातलं. घातलं ते आरशासारखं गुळगुळीत (कोणी घातलं ते विचारू नका, निवडणूक येतेय). वर फणस आणि काजू, ऊन लागत नाही. गणपतीत गाडीत आई, बायको, दोन पोरं आणि मागे सामान. वळणावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मग ब्रेक दाबलेला असताना गाडी मागे सरकली ती गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकली तेव्हा थांबली. आई तेव्हापासून खालीच उतरते.

दुसरी जागा म्हणजे जयगड फेरीचा उतार. ओहोटीला खालचा ओला भाग उघडा पडला की बोटीतून बाहेर येताना चाकं फिरतात.

गाडी २०१७ ची विटारा ब्रेझा, डिझेल, २२ साली दुसऱ्या हाताची घेतली. टायर २१५/६० आर१६, अलॉय. नक्षी भरपूर आहे.

कर्लीकाठ
गाडयेचा ऱ्हवांदे. शेवाळार खयचोय टायर घाल, तो घसारतलोच. आमचो म्हातारो पावसात दर आयतवारी घाटयेर खराटो मारी. तू टायर बघतंस, घाटी कोण बघतलो?

डिस्कब्रेक
कर्लीकाठांना दंडवत. एसयूव्ही दिसते म्हणून ती चारी चाकांनी ओढत नाही, ही पुढच्या दोनच चाकांनी ओढते. चढावर वजन मागे जातं, त्यात मागे माणसं आणि सामान, म्हणजे जी चाकं ओढतात तीच हलकी. खाली शेवाळ. कुठला टायर काय करणार?

तरी टायर बघाच. कुशीवर डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, चाक वळवून मोबाइलने फोटो काढा.

लालडबा
पुढून ओढणारी गाडी असेल तर रिव्हर्समधे चढवा. वजन ओढत्या चाकांवर येतं. बोलेरोवाल्यांना हे सांगू नका, त्यांचं उलटं असतं.

आजीचे_खळे
काका, सत्तर मीटर आणि मधे वळण, भर पावसात रिव्हर्स? आधी घाटी तरी रुंद करायला सांगा!

लालडबा
ताई, मी अनुस्कुऱ्यात दरड आली तेव्हा अख्खी बस रिव्हर्स आणलीय.

बांधावरचा
२२१७. चारही. म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा? कंपनीतून आले तेच आहेत! पण नक्षी खरंच आहे, पट्टी लावून मोजली, ३ मिमीच्या वर.

डिस्कब्रेक
नक्षी आहे, रबर गेलंय. नख रुतवून बघा, मग पंक्चरवाल्याकडच्या नव्या टायरला रुतवून बघा, फरक कळेल. खाचांच्या तळाशी बारीक भेगा पण असतील. काही टायर कंपन्या स्वतःच सांगतात की ५ वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि १० वर्षांनी नक्षी दिसत असली तरी काढा. हे बदला. तोच साइज घ्या, मोठा चढवायला जाऊ नका.

बांधावरचा
दोनच घेतले तर? चारांचे तीस हजारांच्या आसपास सांगतोय. ओढतात पुढची, म्हणजे नवे पुढे टाकतो.

डिस्कब्रेक
दोनच घेतलेत तर नवे मागे.

लालडबा
काहीतरीच. स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. नवे पुढेच.

डिस्कब्रेक
काका, ओल्या वळणावर पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जायला बघते, तुम्ही पाय काढता, ती परत पकडते. मागचं सुटलं तर शेपटी फिरते आणि गाडी भोस्ते घाटात उलट्या तोंडाने उभी राहते. टायर कंपन्यासुद्धा जास्त नक्षीचे टायर मागेच टाका म्हणतात, गाडी कुठल्याही चाकांनी ओढणारी असो.

लालडबा
कंपन्यांनी घाटात गाडी चालवलीय का?

मापात_बोला
दोघेही थांबा. चारही एकाच आठवड्याचे म्हातारे आहेत. दोनाचा प्रश्नच येत नाही. बांधावरचे, दुसरा सेट आणि डिस्क घ्यायला निघाला होतात ना? ते पैसे इकडे वळवा.

बांधावरचा
तेही खरं. पण डिस्क बदलायची नाहीच का? स्टील चांगलं म्हणतात ना कोकणात?

डिस्कब्रेक
खड्ड्यात स्टीलची डिस्क वाकते, ठोकून सरळ होते. अलॉय तडकते. खाऱ्या वाऱ्यात स्टील तांबडं गंजतं ते दिसतं, अलॉय रंगाच्या आतून पांढऱ्या पावडरीसारखं खातं, ते दिसत नाही. आणि अलॉयचे नट स्टीलच्या डिस्कला चालतीलच असं नाही, बसायची जागा वेगळ्या आकाराची असू शकते. तुमच्या अलॉय सरळ असतील तर त्याच ठेवा. फक्त नवे टायर बसवताना रिमची कड, जिथे टायर चिकटून बसतो ती, तारेच्या ब्रशने स्वच्छ करून घ्या. दुकानदार घाईत असतो, तुम्ही समोर उभे राहा. हे विसरू नका.

आजीचे_खळे
घाटीला ब्लीचिंग पावडर टाकून एक दिवस ठेवा, मग खराट्याने घासा. पण उतरतीला विहीर किंवा आगर असेल तर नको, पाणी तिकडेच जातं. आम्ही नुसतं घासतो. आणि पाऊस संपला की काँक्रीटला आडव्या खाचा पाडून घ्या, मिस्तरी ग्राइंडरने एका दिवसात पाडतो. फेरीच्या उताराला काही करता येत नाही, तिथे पुढच्या गाडीला पूर्ण वर जाऊ द्या, मग न थांबता एका दमात निघा.

बाय द वे, तवसाळला आमसुलं कोणाकडे चांगली मिळतात?

सध्या_पुण्यात
कुंभार्लीच्या रस्त्याला खड्डे किती आहेत सध्या?

बांधावरचा
(अकरा दिवसांनी) सगळ्यांचे आभार. चारही टायर बदलले, तोच साइज, यंदाच्याच सालातले, आकडे बघून घेतले. दुकानदाराकडे २०२२ चे पण होते, "सेम माल आहे" म्हणत होता. घाटी दोन रविवार घासली, विहीर खाली आहे म्हणून ब्लीचिंग टाकलं नाही. परवाच्या पावसात आई सोडून सगळे बसून वर आलो. वळणावर एकदा चाक फिरलं, पाय काढला, धरलं. लालडबा काका, तेवढं तुमचं. रिव्हर्सचा प्रयोग एकटा असताना केला, चढली, पण मान अजून दुखतेय.

आता नवीनच. पुढच्या डाव्या चाकातली हवा रोज दोन पौंड उतरते. पंक्चर नाही, पाण्यात बुडवून बघितलं, वाल्व पण बदलला. डिस्कच्या कडेने बारीक बुडबुडे येतात. नवीन टायर खराब निघाला का?

डिस्कब्रेक
कड ब्रशने घासली होती का?

बांधावरचा
दुकानात गर्दी होती.