घेर की व्यास, आधी ते बघा

खोड किती जाड असलं की झाड तोडायला परवानगी लागते, त्या नियमात 50 सेंमीची मर्यादा आहे आणि आपलं झाड 157 सेंमी भरतं, असं एकांनी लिहिलंय. नियमातला आकडा व्यासाचा आहे की घेराचा, ते आधी बघा. टेपने मोजतो तो घेर, त्याला 3.14 ने भागलं की व्यास मिळतो. म्हणजे तुमच्या झाडाचा व्यास 50 सेंमी, अगदी काठावर! अशा वेळी कुठल्या उंचीवर मोजलं याला महत्त्व येतं. बऱ्याच नियमांत ती जमिनीपासून 1.3 किंवा 1.4 मीटर असते. उतारावर चढाकडच्या बाजूने मोजा. टेपखाली वेल येऊ देऊ नका.

परवानगी फक्त तोडायलाच लागते, हा समज मात्र सोडा. मुळांना इजा करणंही अनेक ठिकाणी गुन्ह्यात धरतात. बांधकामाजवळच्या झाडांसाठीच्या ब्रिटिश मानक 5837 प्रमाणे खोडाभोवती व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ राखायचं, म्हणजे इथे 6 मीटर. बहुतेक मुळं वरच्या 60 सेंमीतच असतात, त्यामुळे पाइपासाठी खणलेला उथळ चरही घात करतो. रेतीचे ढीग आणि ट्रकच्या फेऱ्यांनी माती दबते, मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड काही वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं. तोवर कंत्राटदार निघून गेलेला असतो. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच त्या वर्तुळाला पक्कं कुंपण घाला आणि टेप लावलेल्या खोडाचे तारखेसह फोटो काढून ठेवा.