मदत हवी आहे : स्प्लिट एसीच्या खोलीत बाहेरची ताजी हवा कशी आणावी?

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सदनिकेत १० बाय १२ फुटांच्या खोलीत आम्ही तिघे स्प्लिट एसी लावून, खिडक्या बंद करून झोपतो. हा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, हे ऐकून ठाऊक होते. परंतु कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आणल्यावर रात्री अकराचा ६५० पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत ६५० भाग) आकडा पहाटे पाचला २,३०० वर गेलेला दिसला, तेव्हा सकाळच्या जड डोक्याचे कारण कळले असे वाटते. खिडकी चार बोटे उघडी ठेवल्यास आकडा उतरतो, पण धूळ, डास आणि पावसाळी दमटपणा आत येतो. न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा लावून पाहिला, तर दाराखालच्या फटीतून स्वयंपाकघरातला फोडणीचा वास तेवढा ओढला गेला!

आता भिंतीला चार इंची भोक पाडून फिल्टरसह आत हवा ढकलणारा पंखा बसवावा, की आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत उष्णता आणि बाष्प यांची अदलाबदल करणारे ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) यंत्र घ्यावे? कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ज्यांनी असे यंत्र वापरले आहे, त्यांनी आवाज, फिल्टर बदलण्याचा खर्च आणि भिंतीतली ओल याविषयीचा अनुभव कृपया सांगावा.