जपानी पेट्या फोडून फ्रेंच कपाटं: कारागिरी की कसाईकाम?

रंधा:
काल कुणीतरी ठोकून दिलंय की अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या कारागिरांनी 'जपानी लॅकरला नवा जन्म दिला'. लॅकर म्हणजे झाडाच्या चिकाचा लाकडावर चढवलेला चकचकीत, टणक थर. कसला जन्म? लॅकरच्या चांगल्या पेट्या आणि घडीचे चिनी लाकडी पडदे करवतीखाली घातले. मागचं लाकूड पापुद्रा उरेपर्यंत तासायचं आणि तो वाकवून फुगीर पोटाच्या, खणांच्या कपाटावर चिकटवायचा. डोंगर वरच्या खणात, नदी खालच्या खणात, आणि नदीत कुलपाचं भोक!

शिसवी:
हे कुणा सोम्यागोम्याचं काम नव्हतं, काका. पॅरिसचा कारागीर व्हान रिसांबर्ग याने 1737 साली फ्रान्सची राणी मारी लेश्चिन्स्काच्या फोंतेनब्लोच्या महालासाठी केलेलं कपाट पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. जपानी लॅकर संपून फ्रेंच व्हार्निश सुरू होतं, तो सांधा सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझखाली दडवलाय. नुसत्या डोळ्यांनी शोधून दाखवा. लॅकरचं झाड युरोपात नव्हतंच. पॅरिसच्या मार्टिन बंधूंनी कोपल नावाच्या राळेचं व्हार्निश काढलं, 1748 मध्ये राजाश्रयही मिळवला, पण जपानी लॅकरचा कणखरपणा त्याला कुठला?

सरळमार्गी:
कारागीर कारागीर काय लावलंय! ते कपाट राजवाड्यात पोचवलं एबेर नावाच्या व्यापाऱ्याने, वहीत नाव त्याचंच. लॅकर आणायचे हे व्यापारी, कपाट करायला सांगायचे हेच. दिदेरोच्या विश्वकोशाने त्यांना 'सगळं विकणारे, काहीच न बनवणारे' म्हटलंय ते उगाच नाही. कपाटांवरचा 'बीव्हीआरबी' हा शिक्का व्हान रिसांबर्गचा, हे उमगायला 1957 उजाडलं. आमच्याकडे वेगळं काय चाललंय? मासिकात फोटो इंटिरियरवाल्याचा, आणि गुडघे मोडून पॉलिश मारणाऱ्याची मजुरी दिवाळीपर्यंत थकलेली.

आजोळकर:
मामांनी वाडा पाडला तेव्हा सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने उचलले. पुढे त्यातले दोन एका हॉटेलच्या काउंटरला दिसले. उभे चिरलेले, तळखड्याजवळचं कमळ अर्धं. मामा म्हणाले, "बंबात जाण्यापेक्षा बरं." मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही.

शिसवी:
मामांचं काय चुकलं? वाडा राखायला पैसे तुम्ही देणार होतात का?

आजोळकर:
ताई, तुमच्या घरचे खांब नव्हते म्हणून जीभ चालतेय.

शिसवी:
आमचाही वाडा होता. चार भावांत पाच दावे झाले, खांब वाळवीने खाल्ले. काउंटरला लागले असते तर आज बघता तरी आले असते.

आजोळकर:
मग लावा तुमच्या देवघराची चौकट बारला!

रंधा:
अहो, लॅकरवर या! न कापता वस्तू टिकते. 1640च्या सुमाराची जपानी लॅकरची मॅझरिन पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अख्खी आहे.

शिसवी:
आणि तिच्याच घराण्यातली दुसरी? एका गृहस्थांनी तिच्यावर टीव्ही ठेवला होता, नंतर दारूच्या बाटल्या! 2013 मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमने 73 लाख युरो मोजून ती घेतली.

रंधा:
बरं बाई, जिंकलात. अख्ख्या पेटीच्या नशिबी टीव्ही, कापलेलीच्या नशिबी राणी. सगळ्यांनीच करवत घ्या.

सरळमार्गी:
राणीचं कौतुक पुरे. कारागीर रीझनरने 1783 मध्ये फ्रान्सची पुढची राणी मारी आंत्वानेतसाठी जपानी लॅकरचं सामान केलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या लिलावांत त्याने स्वतःचंच काम परत विकत घेतलं, पुढे चार पैसे सुटतील म्हणून. गिऱ्हाईक फिरकलं नाही. व्यापारी दागेरने मात्र त्याआधीच लंडनला दुकान थाटलं होतं.

आजोळकर:
आमचा लाकडाचा व्यापारीही आता बंगल्यात राहतो.